विकायला कुलूप, घ्यायला मोकळं दार

१

रविवारी संध्याकाळी लाँड्रीच्या मागच्या खोलीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, आतला फोन चालू झाला, आणि पाचच मिनिटांत चार शहाणी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली.

डागताई पलीकडच्या टेबलावर एका कोटाच्या बाहीवरचा तेलाचा डाग काढत होती. तिचं कामच ते. रक्त, शाई, लहान मुलांची ओकारी, दवाखान्यातल्या चादरी... वीस वर्षं तिने परक्यांची घाण हाताळली, पण एकदाही तिला मळमळलं नव्हतं. नाक मुरडायची ती फक्त महिन्याच्या या पहिल्या रविवारी, जेव्हा तिच्या इस्त्रीच्या टेबलांभोवती शेअर मंडळ जमायचं. एरवी बरी माणसं. पण बाजाराचं नाव निघालं की त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटायचं की बघवत नसे.

सभासद चार. निवृत्त गणिताचे मास्तर, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस आणि पोलीस. शेजारच्या दुकानातले टेलरमामा, सगळ्या गल्लीचे मामा. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. आणि डागताईची सख्खी धाकटी बहीण, इथलीच इस्त्रीवाली. खातं धाकटीच्या नावावर होतं, कारण चौघांत तिचेच कागद धड होते.

"नव्व्याण्णव हजार!" मास्तर ओरडले. "एका कंपनीत! एका दिवसात! पाइप बनवणाऱ्या त्या दिवाळखोर कंपनीत! तेवीसने घेतलेला शेअर आज अकरावर!"

"मी नाही घेतले," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला होता.

"फोन सांभाळायची गेल्या महिन्याची बारी तुझी. खातं तुझं. डबा तुझ्या डोक्यावरच्या फळीवर. मग कुणी घेतले, इस्त्रीने?"

मंडळाचा नियम मास्तरांनीच केला होता. शेअर विकायचे तर सहा आकडी गुप्त क्रमांक लागतो. तो तिघा पुरुषांनी दोन-दोन आकडे करून वाटून घेतला होता. तिघं एकत्र आल्याशिवाय काही विकताच येणार नाही. चोरी व्हायचीच नाही, असं मास्तर छाती फुगवून सांगत. घ्यायला मात्र क्रमांकबिमांक लागत नव्हता. फोन उघडायचा आकडा तर डब्याच्या झाकणावरच खिळ्याने कोरलेला. विकत घेताना कोण चोरी करणार, असं या चार हुशार डोक्यांनी मिळून ठरवलं होतं.

"नियम नियम आहे," मास्तर म्हणाले. "एका कंपनीत पाव हिश्श्याहून जास्त घालील त्याने तोटा भरून द्यायचा. जवळजवळ बावन्न हजार. पुढच्या रविवारपर्यंत."

बावन्न हजार म्हणजे धाकटीचा दोन वर्षांचा सगळा हिस्सा. त्यातून ती वाफेची इस्त्री घेणार होती, स्वतःचं दुकान टाकणार होती. ती मटकन स्टुलावर बसली.

"जाऊ दे पोरी," टेलरमामा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "चुकलं असेल. मी माझा वाटा सोडला. मला एक पैसाही नको तुझ्याकडून."

डागताईने कोट खाली ठेवला. धाकटीला आई गेल्यापासून तिनेच वाढवलं होतं.

"आठ दिवस द्या," ती म्हणाली. "कुणी केलं ते मी शोधते. नाही सापडलं तर माझी ठेव मोडून भरीन."

म्हातारपणासाठी म्हणून तिने तेवढी एकच ठेव ठेवली होती. ते ऐकून मास्तरांचे डोळे चष्म्याआड चमकले. तिला ते डोळे बघून शिसारी आली.

सगळे गेले. तिच्या ढिगात सगळ्यांत वर एक फिकट करडी पँट होती. टेलरमामांच्या दुकानातली. कमरेच्या पट्टीत आतून मेणाच्या खडूने काही लिहिलेलं, न पुसताच इस्त्रीखाली गेलेलं. मेणाच्या खडूवर गरम इस्त्री फिरली की तो कापडात मुरतो, बाहेरून तेलकट दिसतो. गिऱ्हाईक शिव्या घालून परत टाकून गेलं होतं. नंतर बघू म्हणून तिने ती फडताळात सारली.

"ताई," दारातून धाकटी म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. ती खरेदी झाली तेव्हा मी इथे एकटीच होते."

२

फोनमध्ये सगळं लिहिलेलं होतं. दहा दिवसांपूर्वीचा गुरुवार, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं.

रोज दीड ते दोन दोघी बहिणी मागच्या अंगणात डबा खात. खोली तेव्हा रिकामी असे. पण त्या गुरुवारी डागताई दाढ उपटायला वर डॉक्टरांकडे गेली होती, आणि धाकटी अंगणात एकटी जेवली. बघणारं कुणी नाही.

"तू शपथेवर सांग," डागताईने विचारलं.

"तुझी शपथ, ताई."

डागताईने विश्वास ठेवला. पण बहिणीने ठेवलेला विश्वास मास्तरांच्या वहीत कुठे जमा होतो?

सोमवारी ती जिना चढली. डॉक्टरांना संशयातून वगळायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही. एक चाळीसला त्यांचे दोन्ही हात तिच्या तोंडात होते. त्या दाढेची कळ अजून गेली नव्हती.

पण बाजारातलं डॉक्टरांना कळत होतं, म्हणून तिने त्यांनाच विचारलं. ते एका म्हाताऱ्याच्या दाताला भोक पाडत होते आणि एक डोळा खिडकीतल्या फोनवर होता. म्हातारा कण्हत होता, भाव हलत होते, डॉक्टर हसत होते.

"तो शेअर? अहो, मेलेला शेअर तो," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने रोज पडतोय. सगळे विकायला बसलेत, घेणारा कुत्रा नाही. रांग लागते, रांग. सकाळी बाजार उघडायच्या आधी जो पहिला नंबर लावील त्याचेच विकले जातात, तेही कुणी मूर्ख आला तर."

"आणि आला नाही तर?"

"तर बसा छातीशी धरून." म्हाताऱ्याने हात वर केला, डॉक्टरांनी तो खाली दाबला. "मंडळ आलं म्हणून त्या दिवशी कुणाचीतरी सुटका झाली बघा. नशीबवान लेकाचा."

"किती जणांची सुटका झाली?"

डॉक्टरांनी तिने बरोबर आणलेला मंडळाचा फोन घेऊन खात्याचा तपशील काढला. "एकच ओळ आहे. चार हजार तीनशे अठरा शेअर, तेवीसच्या भावाने, एका दमात. म्हणजे एकाच माणसाचे. कोण ते कळत नाही हं, ते कुणालाच दाखवत नाहीत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, तुमची ठेव मोडणारच असाल तर मला आधी सांगा. एक चांगला शेअर आहे माझ्याकडे."

डागताई उत्तर न देता जिना उतरली. मधल्या पायरीवर ती थांबली. कालपासून जो तो एकच विचारत होता, घेतले कुणी? विकले कुणी, हे कुणीच विचारत नव्हतं.

३

मास्तरांच्या घरी त्यांच्या बायकोने दार उघडलं. मास्तर आतल्या खोलीत कानाला फोन लावून कुजबुजत होते. तो जुना बटणांचा फोन होता, आकडे पुसून गेलेले.

"दिवसभर वर्तमानपत्र वाचतात," बायको कौतुकाने म्हणाली. "बाजारात घालायला आमच्याकडे आहे काय?"

बायको चहा करायला आत गेली तेव्हा मास्तरांनी दार लोटलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तिला सांगू नका. पेन्शनची निम्मी रक्कम गेली माझी. दलालाला फोन करतो, तो सांगतो ते घेतो."

"आणि मंडळाचे पैसे वर्षभर नुसते पडू दिलेत ते?"

"बाजार महाग होता! तत्त्वाचा प्रश्न होता!" ते चिडले, मग केविलवाणे झाले. "ताई, ते बावन्न हजार आले तर माझ्या वाट्याचे तेवढे... म्हणजे मला जरा निकड आहे."

म्हणजे धाकटीकडून वसुली करायची ती नियमासाठी नव्हे. गल्लीला तत्त्वं शिकवणारा हा माणूस एका इस्त्रीवालीच्या घामाची भीक मागत होता, तीही दरडावून. डागताईला त्याची कीव यायला हवी होती. आली ती किळसच.

"मंडळाचा फोन तुम्ही कधी वापरता?"

"मला ते काच चोळणं जमत नाही. मी सांगतो, दुसरा कुणी दाबतो."

ते खरं होतं. दोन वर्षं ती बघत आली होती. मास्तरही गळले.

निघताना तिने विचारलं, "मास्तर, गणित सांगा. त्या गुरुवारी खात्यात किती होते?"

"चौघांचे प्रत्येकी दरमहा सव्वादोन हजार, बारा महिने. एक लाख आठ हजार."

"आणि शेअर चार हजार तीनशे अठरा, तेवीसने. मग उरले किती?"

"आठ हजार सहाशे शहाऐंशी."

"त्यात अजून किती आले असते?"

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. "तीनशे सत्याहत्तर," ते हळूच म्हणाले. "मग घेतले का नाहीत?"

डागताई चपला घालत होती. हावरट माणूस ताटावरून उठतो तो पोट भरल्यावर, नाहीतर वाढणाऱ्याचं भांडं रिकामं झाल्यावर. इथे पोट भरलेलं नव्हतं.

४

उरले टेलरमामा. पण मामांवर संशय घ्यायला तिचं मन धजेना. धाकटीच्या लग्नातला पोशाख मामांनी फुकट शिवून दिला होता. ते रोज दुपारी शिवलेल्या पँटी इस्त्रीला टाकायला येत, इतके रोज की ते आलेले कुणाच्या लक्षातही राहत नसे.

दुकानात मामा कापड बेतत होते. टेप गळ्यात, खडू कानावर.

"त्या गुरुवारी दुपारी आला होतात?"

"असेन की. रोजच येतो." ते मायेने हसले. "धाकटी कशी आहे? जेवते ना? तिला म्हणावं, मामा आहे."

बोलता बोलता दुकानातला मुलगा माप सांगत गेला, आणि मामा हातातल्या कापडावरच आकडे टाकत गेले. कमर, उंची, मांडी. कागद समोर पडलेला होता, पण त्यांचा हात कापडावरच जाई. तीस वर्षांची सवय. बिलाच्या पावत्याही मुलगाच लिही. पावतीवरचा क्रमांक तीनशेच्या घरात होता.

"ताई," मामा म्हणाले, "रागावू नका, पण तुमची ती ठेव नुसती कुजतेय. पैशाला हातपाय फुटले पाहिजेत. आपल्या धाकटीचं हे निस्तरलं की तुमचंही बघू आपण."

डागताई लाँड्रीत परत आली, फडताळ उघडलं आणि ती करडी पँट खिडकीपाशी नेली. तिकिटावर तारीख होती, त्याच गुरुवारची. तिने कमरेची पट्टी उलटली.

खडूचा मेणकट आकडा कापडात पक्का बसला होता. त्याखाली, थोडा लहान, २३. तेवीस इंची कुठलंतरी माप म्हणून तो खपून गेला असता. पण वरचा आकडा कुठल्याही माणसाच्या कमरेचा नव्हता, आणि कुठल्याही पावतीचाही नव्हता.

४३१८.

डाग काढायची बाटली तिच्या दुसऱ्या हातात होती. रविवारीच काम उरकलं असतं तर तिनेच बहिणीची सुटका पुसून टाकली असती.

५

रविवारी मंडळ जमलं. डागताईने पँट टेबलावर पसरली.

"मामा, ही तुमच्या दुकानातली?"

"शिलाई माझीच."

"या गिऱ्हाइकाची कमर चार हजार तीनशे अठरा आहे का?"

डॉक्टर हसायला लागले आणि मधेच थांबले. मास्तरांनी चष्मा वर करून आकडा वाचला.

"घेतले कुणी हे विचारून उपयोग नव्हता," डागताई म्हणाली. "घेणारा मंडळच. विकणारा कोण, ते विचारायचं. एकाच माणसाचे शेअर, एका दमात. खात्यात पैसे उरले होते तरी आकडा चार हजार तीनशे अठरावर थांबला, कारण त्या माणसाकडे तेवढेच होते. सकाळी त्याने आपल्या फोनवरून रांगेत पहिला नंबर लावला. दुपारी पँटी टाकायच्या निमित्ताने इथे आला, फळीवरचा डबा काढला आणि आपलाच माल मंडळाच्या गळ्यात घातला. आकडा चुकू नये म्हणून लिहून आणला. पण कागदावर लिहायची त्याच्या हाताला सवय नाही. हातात होती पँट. टाकून गेला, आणि धाकटीने त्यावर इस्त्री फिरवली."

"काहीतरीच," मामा म्हणाले. "असा आकडा कुणीही..."

"मग तुमचा फोन दाखवा. गुरुवारची विक्री. नसेल तर सगळ्यांसमोर तुमचे पाय धरते."

मामांनी फोन काढला नाही. डॉक्टरांनीच त्यांच्या खिशातून काढला, मामांचाच अंगठा त्यावर टेकवला आणि वाचलं. गुरुवार, एक चाळीस. चार हजार तीनशे अठरा.

धाकटीच्या तोंडून हुंदका फुटला. "मामा, तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला होता."

"आणि वाटा सोडला होता," मास्तर म्हणाले. गणित त्यांना आत्ता सुटत होतं. "तेरा हजारांचा वाटा सोडायचा आणि नव्व्याण्णव हजार घेऊन बसायचं. वा!"

मामांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती; चिडलेला, अन्याय झालेला माणूस होता तो.

"मी चोरी कुठे केली? शेअर दिले, पैसे घेतले. मलाही असेच कुणीतरी विकले होते ना? गहाण टाकलेलं दुकान गेलं असतं माझं. बाजारात प्रत्येक जण हेच करतो. तुम्ही रोज वाट बघता ती कुणाची? तुमच्याहून मूर्ख माणसाचीच ना?"

डागताईला वाटलं, आता तरी सगळे लाजतील. आता तरी हा डबा नाल्यात फेकतील.

"पैसे आहेत का अजून?" डॉक्टरांनी विचारलं.

"निम्मे गहाणवटीत गेले. बाकीचे हप्त्याने देतो."

"हप्त्याने म्हणजे वर्ष जाणार." डॉक्टर हनुवटी खाजवू लागले. "आणि हे शेअर तोवर शून्यावर. मामा, सकाळी पहिला नंबर कसा लावता हो तुम्ही? किती वाजता?"

"डॉक्टर!" मास्तर कडाडले. "हे तत्त्वात बसत नाही." मग घसा साफ करून त्यांनी वही पुढे ओढली. "म्हणजे समजा कुणी घेणारा मिळालाच, तर आज काय भाव येईल?"

तीन डोकी फोनवर वाकली. मामाही जरा सरकून जवळ बसले, त्यांना कुणी हटकलं नाही. माझा एक मेहुणा आहे, डॉक्टर सांगत होते. आमच्या वाचनालयाचा निधी पडून आहे, मास्तर सांगत होते. थोड्या वेळापूर्वी ज्याच्या नावाने शंख केला, त्याचीच शिकवणी चालली होती.

डागताईने पँट गोळा केली. तिला या खोलीत श्वास घ्यायचा नव्हता. "चल," ती धाकटीला म्हणाली. "तुझ्या नावावरचा डाग निघाला. तुझा जो हिस्सा राहिला असेल तो घे आणि या घाणीतून बाहेर पड. इस्त्रीला कमी पडतील ते मी बघते."

धाकटी उठली. डोळे पुसले. ताईच्या गळ्यात पडली, घट्ट, लहानपणी पडायची तशी. डागताईने तिच्या केसांवरून हात फिरवला. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"ताई," धाकटी तिच्या कानाशी म्हणाली.

"बोल ना."

"ते चार हजार तीनशे अठरा तू घेशील का? बाहेरचं कुणी शोधायला नको. तू नाहीतरी ठेव मोडणारच होतीस ना माझ्यासाठी?"

मिठीतून आपले हात सोडवून डागताई कशीबशी बेसिनपर्यंत पोचली. वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. तिने नळ पूर्ण सोडला होता, तरी मागून धाकटीचा आवाज येतच होता. ती मास्तरांना विचारत होती, घरातल्या माणसाला तेवीसनेच द्यायचे की थोडे कमी करायचे.